फ्रॉकच्या आतली हवा

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका चौकात उभे आहात. सकाळ झाली आहे, पण उजेड अजून अंथरुणातच लोळतोय. थंडी अशी, की बोलायला तोंड उघडलं की शब्दाच्या आधी वाफच बाहेर पडते. फुटपाथवरच्या गोठलेल्या पाण्यावर कुणीतरी वाळू टाकली आहे, ती बुटांखाली करकर वाजते. ट्राम वळणावर दिसू लागली आहे. आणि एवढ्यात, तुमचा हात धरून उभी असलेली एक मुलगी हात सोडते, फुटपाथच्या मधोमध बसकण मारते आणि दोन्ही हातांनी गुडघ्यांवरून काहीतरी खाली ओढू लागते. ओढायला तिथे काहीच नसतं. तिने जाड पॅन्ट घातलेली असते, आणि पॅन्ट काही गुडघ्यांवरून ओढून पायांवर घेता येत नाही. तिचे हात दोनदा जातात, दोनदा रिकामे परत येतात. बस्स, एवढंच. रस्त्यात कुणाच्या लक्षातही येऊ नये एवढंसं. पण तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मावशीने ते रिकामे हात पाहिले, आणि ते दिवसभर तिच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

"काय हरवलं गं?" मावशीने विचारलं.

"काही नाही."

"मग शोधतेयस काय?"

"घर."

"अगं, घर मागे राहिलं. आपण शाळेत चाललोय. ऊठ, ट्राम आली बघ."

"तुझं नाही. माझं. फ्रॉकचं." मुलीने वर पाहिलंच नाही. "खाली बसायचं, गुडघे आत घ्यायचे, फ्रॉक पायांवर ओढायचा, की घर होतं. आत माझी हवा असते. गरम असते ती. या पॅन्टमध्ये हवाच नाहीये. नुसते पाय आहेत."

'थंडीत फ्रॉक घालतं का कुणी!' हे वाक्य मावशीच्या जिभेवर तयार होतं. ते बाहेर मात्र पडलं नाही. असंच एक वाक्य आपण पूर्वी कधीतरी दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकलं आहे असं तिला एकदम वाटलं, आणि ते कुठे, कधी, हे आठवेपर्यंत ट्राम आली, थांबली, दारं उघडून मिटली आणि निघूनही गेली. मुलगी शहाण्यासारखी उठली. पॅन्ट झटकली. "पुढच्या ट्रामने जाऊ या," मावशी म्हणाली. "चालेल," मुलगी म्हणाली.

हे 'चालेल' मावशीला नकोसं झालं होतं. मुलीला घरात सगळे मिरी म्हणत, कारण आकाराने ती एवढीशी आणि बोलायला झणझणीत. आईला उलट उत्तर, बाबांना दोन, आणि मावशी सुट्टीत तिकडे गेली की तिला तीन. तिकडे म्हणजे मावशीच्या ताईच्या घरी, उबदार गावात, जिथे स्वेटर ट्रंकेतून निघतो तो फक्त ऊन दाखवायला. ताईला आता जुळं होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलायला बंदी केली होती. भावजींच्या कामाच्या पाळ्या सतत बदलणाऱ्या. म्हणून हिवाळाभर मिरीने मावशीकडे राहावं, इथल्याच शाळेत बसावं, असं ठरलं. भावजी तिला आगगाडीने आणून सोडून गेले, आणि मावशीने बॅग उघडली तर आत फ्रॉक, फ्रॉक आणि फ्रॉक. ठिपक्यांचा, चौकटींचा, पुढे खिसा असलेला, मागे गाठ असलेला. एक पॅन्ट नाही. मावशीने ताईला फोन केला तेव्हा ताई पडल्या पडल्या कपाळावर हात मारून म्हणाली, "यांनी कपाट उघडलं असेल आणि डोळे मिटून कोंबलं असेल!" खरं म्हणजे डोळे उघडे ठेवून मिरीनेच एकेक फ्रॉक निवडला होता; बाबांनी फक्त चेन लावली होती. मग मावशीने दुकानातून दोन जाड, आतून अस्तर लावलेल्या पॅन्ट आणल्या. मिरीने त्या निमूटपणे घातल्या. आणि त्या दिवसापासून तिखट मिरी 'चालेल' म्हणू लागली. दूध? चालेल. अंडं? चालेल. खिडकीजवळ झोपशील की भिंतीजवळ? कुठेही चालेल. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून वागायचं असं तिने ठरवलेलं दिसत होतं, आणि ती ते इतकं चोख करत होती की मावशीला तिची ती तीन उलट उत्तरं आठवायची.

त्यात भावजींचा फोन येऊन गेलेला. "रविवारी येतो. रुळली असेल तर उत्तम. नसेल तर घेऊन जातो, माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवू. तुम्हालाही उगाच त्रास नको." "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं," मावशी म्हणाली होती. चांगलं, समंजस उत्तर. फोन ठेवल्यावर मात्र ती स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. दारामागच्या खुंटीवर तिचा एकच कोट असायचा. आता त्याच्याखाली आणखी एक एवढासा कोट होता, त्याच्या बाहीतून लोंबणारे हातमोजे होते. रविवारनंतर ती खुंटी पूर्वीसारखी होईल हा विचार तिला सहन होईना. आपल्याला ही पोर हवी आहे. हिवाळाभर हवी आहे. हे तिला त्या दारात कळलं, आणि मोठ्या माणसांचं असं असतं बघा, जे हवं ते मागायच्या ऐवजी ती म्हणतात, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

मावशी कवळ्या बनवायची. म्हातारपणी दात पडले की माणसं खोट्या दातांची जी कवळी लावतात, ती. दवाखान्यातून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात ती प्लास्टर ओतून साचा काढायची, साच्यावर मेणाची गुलाबी हिरडी चढवायची, तीत एकेक दात रोवायची. बारीक, शांत काम. त्या कामात तिचा एकच शत्रू होता, हवा. प्लास्टर कालवताना हवेचा बुडबुडा आत राहिला की साच्यात खड्डा पडतो. साच्यात खड्डा म्हणजे कवळीवर गाठ. कवळीवर गाठ म्हणजे कुणा आजोबांच्या हिरडीला फोड, आणि मग ते आजोबा दवाखान्यात येऊन जे बोलतात ते दात नसतानाही अगदी स्पष्ट ऐकू येतं. म्हणून ठशात प्लास्टर ओतलं की तो थरथरणाऱ्या टेबलावर ठेवायचा. टेबल हलत राहतं, आतले बुडबुडे वर येतात, फुटतात, नाहीसे होतात. त्या दिवशीही ती टेबलापाशी उभी होती, बुडबुडे वर येत होते, आणि तिला ते वाक्य कुठे ऐकलं होतं ते आठवलं. इथेच. याच खोलीच्या दारात. शिकाऊ म्हणून पहिल्या हिवाळ्यात ती आली तेव्हा तिच्या अंगावर हिरवा स्कर्ट होता. ताईने शिवून दिलेला, चांगल्या जाड लोकरीचा, भरपूर घेराचा. लहानपणी दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक असायचे, आणि अंगणात गिरक्या घेत कुणाचा घेर जास्त फुलतो याची शर्यत लागायची. ताई जिंकायची कारण ती पडेपर्यंत थांबायची नाही. तो सगळा घेर घेऊन मावशी या शहरात उतरली. पण स्कर्टच्या खाली तिने कागदासारखे पातळ मोजे घातले होते, तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. चौकात वारा खालून शिरला. ट्राम येईपर्यंत पाय लाकडाचे झाले. आत आल्यावर कुणीतरी, हसतच, वाईट हेतूने नव्हे, म्हणालं, "थंडीत स्कर्ट? समुद्रावर फिरायला निघालात की काय?" सगळे हसले, तीही हसली. मग प्लास्टर वाळवायच्या भट्टीपाशी गुडघे धरून बसली आणि गुडघ्यांत परत जीव येताना ज्या सुया टोचतात त्या सोसत तिने मनात स्कर्टची घडी घातली. घरी जाऊन कपाटात घातली. त्यानंतर सगळे हिवाळे पॅन्टमध्ये गेले. उन्हाळेही गेले, कारण सवय झाली. त्यात दुःख असं काही नव्हतं. फक्त त्या पोरीचे रिकामे हात पाहिल्यावर तिला वाटलं, आपलेही हात असेच काही दिवस गेले असतील गुडघ्यांवर. मग जायचे थांबले असतील.

"बाई, साचा थरथरून थरथरून आता उडी मारील," पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. हे गृहस्थ सगळ्यांच्या नंतर, उतारवयात कामाला लागले आणि आल्यापासून कोपऱ्यातली जागा अडवून बसले, म्हणून सगळे त्यांना अक्कलदाढ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मावशीने टेबल बंद केलं. आणि तिथेच ठरवून टाकलं, उद्या फ्रॉक.

मिरीने ते ऐकलं आणि 'चालेल' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "खरंच? शाळेत?" "शाळेत." "थंडीत?" "थंडीत." मिरी पलंगावरून उतरली, बॅगेत डोकं घालून तिने ठिपक्यांचा फ्रॉक काढला आणि दोन्ही हात वर करून राजासारखी उभी राहिली. आता मावशीने तिला कसं सजवलं ते ऐका, कारण चूक तिथेच झाली. मावशीला फट खपत नसे. आधी एक घट्ट लोकरी विजार. तिच्यावर दुसरी, तीही घट्ट, कारण एकीने जेवढी ऊब येते त्याच्या दुप्पट दोघींनी यावी असा साधा हिशेब. पायात दोन जोड मोजे, आणि ते सगळं कोंबून नेहमीचेच बूट. फ्रॉकच्या आत घट्ट बनियन, घट्ट स्वेटर, वरून कमरेला पट्टा करकचून. कुठे बोट शिरणार नाही असा तिने पक्का साचा केला. "मावशी, मी बाटलीतलं बूच झालेय," मिरी म्हणाली, पण आनंदाने म्हणाली. चौकात तिने फ्रॉकची कड चिमटीत धरून ठेवली होती, आणि ट्राममध्ये शेजारच्या म्हातारबाबांना विचारल्याशिवायच सांगून टाकलं, "आत खूप कपडे आहेत. मी दिसते तेवढी जाडी नाहीये."

मधल्या सुट्टीत शाळेतून फोन आला. वर्गबाई होत्या. "अहो, ही पायाची बोटं दुखतायत म्हणून रडतेय. केवढं आवळलंयत हिला! पार्सलने पाठवायचं होतं का?" मावशी कोटाची बटणं न लावताच धावली. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून तिने मिरीचे बूट ओढून काढले, मोजे सोलून काढले. पाय पांढरेफटक आणि गार, त्यांवर शिवणीच्या रेघा उमटलेल्या. तिने ते आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरले. गारव्याने तिचाच श्वास क्षणभर थांबला. मिरीचे ओठ थरथरत होते, आणि तशाही स्थितीत ती म्हणाली, "फ्रॉकची चूक नाहीये. फ्रॉकला रागावू नकोस."

"नाही रागावत."

"बाबांना सांगणारेस?"

"सांगू?"

मिरीने विचार केला. बोटांत रक्त परतू लागलं होतं, तिने तोंड वाकडं केलं. "चालेल," ती म्हणाली.

मावशीने ते पाय आणखी घट्ट धरले आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, पकड सैल केली. दुपारी ती कामावर परतली तेव्हा नव्या ठशात प्लास्टर ओतताना तिचे हात आपोआप चालत होते आणि डोकं दुसरीकडेच होतं. एवढी लोकर, एवढे थर, आणि तरी पाय गार कसे पडले? मग रात्री आपण रजईत ऊबदार कसे राहतो? रजई तर कुणी करकचून बांधत नाही. ती नुसती अंगावर पडलेली असते, सैल, आणि आत... टेबलावर साचा थरथरत होता. एक बुडबुडा तळातून निघाला, वर येऊन थांबला. एरवी तिने सुईने टच्‌कन फोडला असता. ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढीशी गोल खोली आणि आत हवा. 'आत माझी हवा असते. गरम असते ती.' पोरीने फुटपाथवर बसून सगळं सांगितलं होतं! ऊब लोकरीत नसतेच. आपल्याच अंगाने तापवलेल्या हवेत असते. लोकर फक्त तिला धरून ठेवते, जाऊ देत नाही. आणि आपण काय केलं? तीच हवा पिळून पिळून बाहेर काढली. शिवाय पाय आवळले ते वेगळंच, रक्तालाही जायला वाट नाही.

"बाई, बुडबुड्याशी बोलताय काय?" अक्कलदाढ म्हणाले.

"मी पोरीला साच्यात ओतलं हो," मावशी म्हणाली.

"मग? निघाली का अखंड?"

"निघाली. पण रडत."

"कवळीसुद्धा करकचून बसवली की आजोबा रडतात," अक्कलदाढ म्हणाले आणि पुन्हा आपल्या मेणात डोकं घातलं. मावशी हसली. बराच वेळ एकटीच हसत राहिली. इतकी वर्षं हवा हाकलून देण्याचा धंदा केलेली बाई आता हवा साठवायला निघाली होती.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी आणि खोलीत लोकरीचा वास, कारण मावशीने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुनं लोकरी पांघरूण काढलं होतं. ते तिने जमिनीवर पसरलं आणि कात्री चालवली. मिरी पोटावर पडून हनुवटी हातात धरून बघत होती. "काय करतेयस?" "परकर. तुझ्या फ्रॉकच्या आत घालायला." "फ्रॉकच्या आत आणखी एक फ्रॉक?" "तसंच." "म्हणजे दोन घरं!" मिरी उठून बसली. मग त्या दोघींनी दिवसभर जे केलं त्याला शिवणकाम म्हणायचं की खेळ, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी एकेक कपडा चढवून पाहिला, काढून पाहिला. अंगालगत मऊ, पातळ सुती विजार, घाम टिपायला. तिच्यावर लोकरीची एकच, पण सैल, चिमटीत धरता येईल अशी. मग पांघरुणाचा परकर, भरपूर घेराचा, फ्रॉकपेक्षा बोटभर आखूड. मग फ्रॉक. वर स्वेटर, तोही थोरला. बूट मावशीने आदल्या संध्याकाळी एका मापाने मोठे आणले होते, त्यात एकच जाड मोजा आणि तळाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, म्हणजे बोटांना आत हलायला जागा. "बोटं हलव." "हलवतेय." "सगळी?" "करंगळी आळशी आहे. हं, हलली." सगळ्यांवर कोट, गुडघ्यांच्या खाली जाईल असा, म्हणजे वारा खालून डोकावला तरी त्याला आत जायला दार सापडू नये. मिरी खोलीच्या मधोमध घंटेसारखी उभी राहिली. मग खाली बसली, गुडघे आत घेतले, दोन्ही घेर पायांवर ओढले. या वेळी हात रिकामे आले नाहीत. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, फक्त डोकं बाहेर. मावशीने विचारलं नाही, आत काय आहे. मिरीने आपणहून सांगितलं, "आत ना, दुपार आहे."

आणि मग तिखट मिरी परत आली. एकदम, वाफ कोंडलेल्या भांड्यावरचं झाकण उडावं तशी. "तुझा कुठेय?"

"माझा काय?"

"फ्रॉक. मी एकटी नाही घालणार. तू पण."

"माझ्याकडे नाही गं."

"कपाटात हिरवं काय आहे मग?"

मावशी पांघरूण काढत असताना मिरीने ते पाहिलं होतं. मावशीने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिल्या हिवाळ्यात कामाच्या खोलीत दिसलेले ते सगळे हसरे चेहरे तिला आठवले, आणि तिच्या लक्षात आलं की त्यातला एकही चेहरा आता नीट आठवत नाही. राहिलंय ते फक्त हसू, आणि ते तर चांगलंच होतं. तिने स्कर्ट काढला. लोकर अजून जिवंत होती, दाबली की फुलायची. कंबर मात्र मधल्या काळात पुढे गेली होती. "पोट आत घे," मिरीने हुकूम सोडला. "आतच आहे गं." "मग आणखी आत घे." शेवटी मोठी सेफ्टी पिन लागली. पांघरुणातून मावशीसाठीही एक परकर निघाला, घाईत बेतलेला, एका बाजूला थोडा लांब. दोघी जिना उतरल्या आणि रस्त्याच्या टोकापर्यंत चाचणीला निघाल्या. वारा कोपऱ्यावर टपून बसलेला होताच. तो आला, स्कर्टला धडकला, कड हलवून पाहिली आणि निघून गेला. मावशी चालत होती आणि तिच्या पायांभोवती तिची स्वतःची हवा तिच्याबरोबर चालत होती, एक पाऊल टाकलं की हलकीच हलणारी, पण सोडून न जाणारी. पोटऱ्यांना हे किती वर्षांनी कळत होतं. पहिल्या हिवाळ्यात ती थंडीला घाबरली नव्हती. तिला फक्त कुणी खालचा परकर सांगितला नव्हता. एवढंच तर होतं! तिला मोठ्याने हसू आलं, आणि तोंडातून वाफेचा ढग निघाला.

"कुठे लागतेय का थंडी?" तिने विचारलं.

"नाकाला."

"नाकाला कशी काय?"

"नाकाला फ्रॉक नाहीये ना."

संध्याकाळी फोनवर मिरीने ताईला सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, मावशीच्या पोटासकट. "अगं बास, बास," ताई तिकडून हुंदके दिल्यासारखी हसत होती. "हसवू नकोस मला, हलायचं नाही सांगितलंय!" मावशी शेजारी बसून ऐकत होती, आणि जितकी ती सुखी होत होती तितकी आत कुठेतरी धास्तावत होती. उद्या रविवार. तिला मिरीला विचारायचं होतं, राहशील ना? साधा दोन शब्दांचा प्रश्न. पण विचारला आणि उत्तर 'चालेल' आलं तर? त्या 'चालेल'वर पोरीला ठेवून घेणं तिला जमलं नसतं. म्हणून तिने विचारलं नाही. मिरीच्या मोज्यांची जोडी लावली, बूट हीटरजवळ ठेवले, आणि फ्रॉकच्या तुटायला आलेल्या बटणाला दोन जास्तीचे टाके घातले.

गाडी उशिरा येणार होती. फलाट उघडा, रुळांच्या लांबीवरून वारा येत होता आणि माणसं खांद्यांत माना घालून येरझाऱ्या घालत होती. मावशी आणि मिरी मात्र एका जागी उभ्या होत्या, हिरवा स्कर्ट आणि ठिपक्यांचा फ्रॉक, कोटांच्या खालून थोडेथोडे दिसणारे. मिरी बुटांच्या आत बोटं हलवत होती. ते दिसत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "करंगळी?" मावशीने विचारलं. "जागी आहे." मग गाडी आली, आणि भावजी उतरले. अंगात उबदार गावातलं जाकीट, पायांत उबदार गावातली पॅन्ट. दोन पावलं टाकेपर्यंत वाऱ्याने ती पॅन्ट त्यांच्या नडग्यांना अशी चिकटवली, की नडग्या मोजता आल्या असत्या. त्यांचे दात वाजत होते. मावशीचं कामच दातांचं. खऱ्या दातांचा असा खणखणीत आवाज तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मिरी धावत गेली आणि बाबांच्या पोटाला बिलगली. बाबांनी तिला धरलं, मग हातभर लांब केलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "फ्रॉक? या थंडीत?" त्यांनी मावशीकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी समजून घेतल्यासारखं पाहिलं. "तुमचा दोष नाही हो. हट्टीच आहे ती. तुम्हाला एकटीला कुठवर जमणार." मावशीला सगळं सांगायचं होतं, सुती विजार, सैल विजार, परकर, हवा, सगळं. पण मग तो पोरीचा निर्णय राहिला नसता, मावशीच्या मापाचा झाला असता, आवळून बसवलेला. तिने हात कोटाच्या खिशांत घातले. सेफ्टी पिन कमरेला टोचत होती. भावजी मिरीपुढे वाकले. "मिरी, खरं सांग. रुळलीस का इथे? की बॅग भरायची? मोठ्या आत्याकडे जाऊ या का? अगदी तू म्हणशील तसं."

 मिरीने बाबांच्या नडग्यांकडे पाहिलं. त्यांच्या पातळ मोज्यांकडे पाहिलं, जे पॅन्ट वर चढल्यामुळे दिसत होते. मग शाळेतल्या वर्गबाई फळ्यावरची चूक दाखवतात त्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू अगदी चुकीचे कपडे घातलेत."

"हो का?" बाबा दातांच्या खडखडाटातून म्हणाले.

"मावशी, आपलं पांघरूण उरलंय ना?"

'आपलं.' मावशीने तो शब्द ऐकला.  "उरलंय," ती म्हणाली. "पलीकडची बाजू आख्खी आहे."

"पुरेल?"

"कुणाला पुरायला हवंय, त्यावर आहे."

मिरीने गळ्यातला मफलर सोडला. "हात वर कर," ती बाबांना म्हणाली, आणि भर फलाटावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, बाबांनी हात वर केले. तिने मफलर त्यांच्या कमरेभोवती नेला. तिचे हात मागपर्यंत पुरेनात, म्हणून एक टोक त्यांच्या हातात देऊन ती त्यांच्याभोवती पूर्ण फेरी मारून आली. टोक जिथे आलं तिथे तिने अंगठा दाबला. मग मफलर काढून घेतला, अंगठा जराही न हलवता, माप निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि कुणासाठी न थांबता, ट्रामच्या दिशेने, मावशीच्या घराकडे चालू लागली.